एक ताका लांब, एकसष्ट ताके रुंद

सुरतेत फुटबॉलचं नवं स्टेडियम होणार, असं कुणीही जाहीर केलेलं नाही. ना महापालिकेनं, ना सरकारनं, ना एखाद्या हिरेवाल्या शेठनं. तरीही ते शहरात बांधावं की भेस्तानला, यावरून आमच्या चहाच्या लारीवर दोन तट पडले आहेत आणि गेल्या पंधरवड्यापासून एका तटानं दुसऱ्या तटाच्या चहाचे पैसे देणं बंद केलंय. लारीवाला मात्र खूश आहे. पूर्वी माणसं एक कटिंग पिऊन उठायची, आता मुद्दा संपेपर्यंत बसतात, आणि मुद्दा संपत नाही.

भेस्तान कुठे आलं, ते आधी सांगतो. मुंबईहून सुरतेला येताना नवसारी गेलं, मरोली गेलं, सचिन गेलं की भेस्तान. मग उधना, मग सुरत. म्हणजे प्रवाशांनी सीटखालून चपला शोधायला सुरुवात करायची ती ही जागा. राजधानी इथे थांबत नाही, पण तिच्या धुळीवर आमचा रोजचा हक्क आहे. एका अंगाला पांडेसराच्या मिली, दुसऱ्या अंगाला सचिनची जीआयडीसी. वस्तीत अमळनेर-पारोळा-शहादा-शिरपूरकडची आम्ही मंडळी, ओडिशातल्या गंजामचे लूमवाले, यूपी-बिहारचे भय्ये, आणि हे सगळे येण्यापूर्वीपासून इथेच असलेले मूळचे सुरती. संध्याकाळी एकाच गल्लीत शेवभाजीचा ठसका, मोहरीच्या तेलाची फोडणी आणि लोचो या सुरती नाश्त्याची वाफ एकमेकांना वाट देत फिरत असतात.

भांडणाला सुरुवात झाली ती जिभाऊंच्या नातवामुळे. तो लारीच्या बाकावर मोबाइलमध्ये इंडियन सुपर लीगची मॅच बघत होता. जिभाऊंनी चष्मा वर करून विचारलं, "यात सुरतची टीम कोणती रे?"

"सुरतची टीमच नाही, बाबा."

"का नाही?"

"स्टेडियम कुठाय?"

झालं. एवढ्या मोठ्या शहरात फुटबॉलचं स्टेडियम नाही म्हणजे काय, असं जिभाऊंना एकदम वाटलं. त्यांनी उभ्या आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. पण पांडेसराच्या मिलमध्ये तीस वर्षं बॉयलरवर काढल्यामुळे, प्रेशर वाढलं की वाट करून द्यावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "भेस्तानले काय कमी से भो? आठेच बांधा!" जिभाऊ तापले की अहिराणीत येतात, समजूत घालायला लागले की मराठीत, आणि दुकानदाराशी घासाघीस करताना शुद्ध सुरतीत.

शेजारी नाना बसले होते. नाना रिंगरोडच्या कापड मार्केटात साडीच्या दुकानात सेल्समन. रोज भेस्तानहून रिंगरोडला जातात-येतात, त्यामुळे त्यांच्याकडे शहराचा अभिमान आणि कंबरदुखी दोन्ही आहे. ते म्हणाले, "जिभाऊ, स्टेडियम म्हणजे शहराचं नाक. नाक कुणी कोपराला लावतं का?"

"नाक चोंदलंय तुमचं, नाना. रिंगरोडला साडीचं पार्सल उतरवायला टेम्पोला जागा मिळत नाही. वीस हजार माणसं काय फ्लायओव्हरवर बसवणार?"

इथे मला तोंड घालावं लागलं. मी एका ग्रे कापडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, त्यामुळे जागेचा प्रश्न निघाला की लोक माझ्याकडे बघतात. फुटबॉलचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद, हे मी नातवाच्या मोबाइलवरून काढलं. पण लारीवर मीटर कुणालाच कळेनात. आमच्याकडे लांबी सांगायची तर ताक्यात सांगावी लागते. लूमवरून उतरलेला ताका साधारण शंभर-एकशेदहा मीटरचा धरला, तर मैदानाची लांबी बरोबर एक ताका. रुंदीसाठी 44 इंची पन्ह्याचे ताके शेजारी-शेजारी अंथरले, तर 68 मीटरला लागतात 61. मी चहाच्या बिलामागे गणित मांडून दाखवलं: एक ताका लांब, एकसष्ट ताके रुंद.

सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "हात्तिच्या, एकसष्टच ताके?" जिभाऊ म्हणाले. "एवढा माल तर एका टेम्पोत जातो!"

यानंतर चर्चा उदाहरणांवर आली. नानांनी पहिलंच उदाहरण मुंबईचं काढलं. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम होतं, चर्चगेटला, ऐन शहरात. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबई क्रिकेट असोसिएशनला कसोटी सामन्यांना हवी तेवढी तिकिटं मिळेनात, म्हणून भांडण लागलं. तेव्हा असोसिएशनचे प्रमुख होते बॅरिस्टर शेषराव वानखेडे, आणि ते विधानसभेचे अध्यक्षही होते. त्यांनी ठरवलं, आपलं स्वतःचं स्टेडियम बांधायचं. वर्षभराहून थोड्या जास्त काळात ते उभंही राहिलं आणि जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. त्यात क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 धावा करून नव्या खेळपट्टीची वास्तुशांत केली.

"आता बघा," नाना म्हणाले, "एवढं भांडण झालं, तरी वानखेडे साहेब ठाण्याला गेले का? कल्याणला गेले का? जुन्या स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर नवं बांधलं. भांडायचं तेसुद्धा शेजारी राहून."

"पण वानखेडे साहेब मूळचे विदर्भाचे," जिभाऊ म्हणाले. "आणि विदर्भाचं स्टेडियम कुठाय?"

जिभाऊंचे साडू नागपूरला असतात, त्यामुळे हा मुद्दा त्यांच्या खिशातच होता. नागपूरचं जुनं मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, सायकल टेकवून आत जाता येईल असं. नवं बांधलं ते वर्धा रोडवर जामठ्याला, गावाबाहेर. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, समोर ऑस्ट्रेलिया, आणि तो सौरव गांगुलीचा शेवटचा सामना. लक्ष्मणची ती शंभरावी कसोटी.

"मग? गर्दी झाली?" नानांनी विचारलं.

जिभाऊंनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि त्यांनी सगळं लक्ष ते बोटानं काढण्यात घातलं. साडूंनी त्यांना जे सांगितलं होतं ते उपनगरपक्षाच्या फारसं सोयीचं नसावं. ऐंशी हजार डोळ्यांसाठी बांधलेल्या स्टेडियममधून गांगुली निवृत्त होत असताना बऱ्याच खुर्च्याच त्याच्याकडे बघत होत्या.

नानांना चेव आला. "पुण्याचं तेच. 29 फेब्रुवारी 1996 ला केनियानं वेस्ट इंडीजला हरवलं, ते स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियममध्ये. पुणेकर जेवून, झोप काढूनही वेळेत पोचला असता. आता सामने गहुंज्याला, एक्सप्रेसवेच्या कडेला. पुणेकर मॅचला निघतो तेव्हा तो निम्मा मुंबईला निघालेला असतो."

"अरे पण ही सगळी क्रिकेटची उदाहरणं," मी म्हणालो. "फुटबॉलचं बोला."

फुटबॉलचं म्हटलं की मराठी माणसाला कोल्हापूरशिवाय पर्याय नाही. तिथलं शाहू स्टेडियम गावातच, पेठांच्या अंगणात म्हणावं असं. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की निम्मं गाव आत असतं आणि उरलेलं निम्मं आत का नाही म्हणून चिडलेलं असतं. तिथे तिकिटाआधी पेठ विचारतात. तालमीच्या आखाड्यातून पोरं थेट मैदानात उतरतात आणि म्हातारेही ऑफसाइडवर असं बोलतात, जणू घरच्या जमिनीच्या हद्दीचा खटला चाललाय.

"हेच मी म्हणतो," नाना म्हणाले. "माणसं जिथे आहेत तिथे मैदान."

"त्यांच्याकडे आधी पेठा होत्या, मग मैदान झालं," जिभाऊ म्हणाले. "आपण आधी मैदान बांधू, पेठा येतीलच. सुरतेत काय येत नाही?"

या वाक्यावर लारीवरचे सुरती काका पहिल्यांदाच बोलले. त्यांची या प्रांतातली भूमिका ठरलेली आहे. ते कशालाच विरोध करत नाहीत. "थहे," ते म्हणाले, "बधुं थहे." सुरती माणूस 'थशे'चं, म्हणजे 'होईल'चं, 'थहे' करतो आणि त्या एका 'ह'मध्ये सगळी घाई विरघळवून टाकतो. "स्टेडियम नंतर. पहिला सवाल, बाहेर लोचोची लारी कोनची लागनार?" सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, असं म्हणणाऱ्या गावात हा प्रश्न गौण नाही. त्यावर बारा मिनिटं गेली. गोलकीपर कुठे उभा राहणार यावर एवढी गेली नव्हती.

मग काकांनीच सगळ्यात अवघड उदाहरण टेबलावर ठेवलं: डायमंड बोर्स.

सुरतेत हिऱ्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या महिधरपुऱ्यात आणि वराछात चालतो. महिधरपुऱ्याच्या गल्लीत स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडून लाखोंचा माल दाखवतात. भिंगातून बघायचं, मान हलवायची, पुडी मिटायची, स्कूटरला किक मारायची. या लोकांसाठी शहराबाहेर खजोदला ड्रीम सिटीत एक प्रचंड इमारत बांधली. सुमारे 67 लाख चौरस फूट, ऑफिसं साडेचार हजारांच्या आसपास. अमेरिकेच्या पेंटागॉनपेक्षाही मोठी, म्हणून जगभर नाव झालं. 17 डिसेंबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. आणि उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी महिधरपुऱ्यातला व्यापारी नेहमीप्रमाणे आपल्या स्कूटरच्या सीटवर पुडी उघडून उभा होता. तिकडे ऑफिसं विकली गेली, पण बरीचशी उघडायचीच राहिली.

"का?" मी काकांना विचारलं.

"त्यां बधुं छे," काका म्हणाले, "पन सामेवालो नथी."

तिथे सगळं आहे, समोरचा माणूस नाही. धंद्याला समोरचा माणूस लागतो. फुटबॉललाही लागतो, एक नाही, अकरा. उपनगरपक्षात शांतता पसरली. नानांनी जिभाऊंच्या चहाचे पैसे देऊ केले, तेव्हा ती शांतता अपमानात बदलली.

पण जिभाऊ बॉयलरवरचे. त्यांनी दोन दिवस प्रेशर धरून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी अहमदाबाद काढलं. अहमदाबादचं जुनं स्टेडियम नवरंगपुऱ्याला, शहरात. भारतात पहिला आंतरराष्ट्रीय वनडे सामना झाला तो तिथेच, 25 नोव्हेंबर 1981 ला, इंग्लंडविरुद्ध. नंतर 1983 मध्ये साबरमतीच्या काठी मोटेऱ्याला नवं बांधलं, ते तेव्हा गावाबाहेर. "लोक हसले असतील तेव्हा," जिभाऊ म्हणाले. "म्हणाले असतील, नदीच्या रेतीत कोण जाणार? आणि आता?" आता तिथे 1,32,000 लोकांचं स्टेडियम आहे, 2020 मध्ये उघडलेलं, आणि मेट्रोही जाते. "मोटेरा शहरात आलं नाही भो, शहर मोटेऱ्याला आलं. बाहेरचं काय कायम बाहेर राहतं?"

हा मुद्दा जबरदस्त होता. मेट्रोचं नाव निघालं नसतं तर जिभाऊ त्या दिवशी जिंकलेच होते. पण मेट्रो हा भेस्तानचा हळवा कोपरा आहे. सुरत मेट्रोचे दोन मार्ग: एक सरथाणा ते ड्रीम सिटी, दुसरा भेसाण ते सारोली. पहिल्यांदा ही नावं कानावर आली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. 'भेस्तान ते सारोली' म्हणजे मेट्रो आपल्या दारातूनच निघणार! एकानं तर घरभाडं पाचशे रुपयांनी वाढवलं. मग कुणीतरी नकाशा उघडला. भेसाण म्हणजे तापीच्या पलीकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एका जोडाक्षरानं आमची मेट्रो नदीपार नेली. पेढे परत मागता येत नाहीत. भाडं मात्र उतरलं नाही.

"म्हणून सांगतो," जिभाऊ सावरून म्हणाले, "बीआरटीएस आहेच की." ते खरं आहे. 2014 मध्ये सुरतेची पहिली बीआरटीएस सुरू झाली तीच उधना दरवाजा ते सचिन, म्हणजे आमच्याच रस्त्यावर. गर्दीच्या वेळी तिच्यात एवढी माणसं असतात, की आत शिरलेल्याला ऑफसाइडचा नियम न शिकवताच कळतो: आपल्यापुढे कुणीतरी दार अडवून उभं असणं चांगलं.

वाद इतिहासातही शिरला. मराठी माणसानं सुरतेत कशावरही वाद घातला की सुरती काका एकदा तरी हसून म्हणतात, "तमे लोको तो लूटवा आवेला." आम्हीही हसतो, काकाही हसतात, चहाचे पैसे काकाच देतात. पण या वेळी जिभाऊंनी तोच मुद्दा फिरवला. "काका, जानेवारी 1664 ला महाराज आले ते कुठून? दक्षिणेकडून. गणदेवीवरून उधन्याला. म्हणजे वाटेत आमचं भेस्तान आलंच असणार. महाराजांनी शहरात शिरण्याआधी मुक्काम उपनगरात केला. याला म्हणतात नियोजन!" काकांनी हात जोडले. नानांकडे उत्तर नव्हतं. महाराजांविरुद्ध शहरपक्ष घेणार कोण?

एव्हाना बातमी एका जमिनीच्या दलालापर्यंत पोचली होती. तो शेजारच्या बाकावर पाठ करून बसला होता, पण त्याचे कान आमच्याकडे तोंड करून होते. एके दिवशी तो फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "स्टेडियम आवे छे, हवे भाव वधहे." आम्ही चहाच्या बिलामागे काढलेले एकसष्ट ताके एवढ्यात चौरस वारात बदलले होते. न झालेल्या स्टेडियमपासून पाच मिनिटांच्या अंतरावरच्या, न बांधलेल्या घरांना न आलेल्या गिऱ्हाइकांची गर्दी होऊ लागली.

मला राहून राहून एक जुनी गोष्ट आठवत होती. जून 2018 मध्ये अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर भारत खेळला. भारतानं पाच गोल केले, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली, आणि बघायला आले फक्त अडीच हजारांच्या आसपास लोक. अंधेरी म्हणजे काही जामठा नव्हे, लोकलनं जाता येतं. शेवटी छेत्रीनं व्हिडिओ करून हात जोडले: शिव्या द्यायला तरी या, पण या. पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. म्हणजे मैदान तेच, अंतर तेच, गाड्या त्याच. फक्त कुणीतरी 'या' म्हणालं होतं.

हे मी लारीवर सांगितलं. सगळे गंभीर झाले. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून प्रश्न आला, "मैच कितने बजे होता है?"

विचारणारा गंजामचा लूमवाला. रोज आमच्या बाजूच्या बाकावर बसतो, खारी खातो, ऐकतो. त्याचा आवाज मोठा आहे. लूमवाल्यांचे सगळ्यांचेच असतात. दिवसाचे बारा तास लूमच्या खडखडाटात उभं राहायचं म्हटल्यावर माणूस 'मीठ दे' हेसुद्धा गोल झाल्यासारखं ओरडून सांगतो. सुरतेत फुटबॉलचा प्रेक्षक कुठून आणायचा, हा प्रश्नच नाही; घसे तयार आहेत.

"साडेसातला," नातू म्हणाला. "रात्री."

"मेरा पाली सात से सात है," तो म्हणाला.

पंधरवडा झाला, आम्ही अंतर मोजलं, ताके मोजले, वानखेडे-जामठा-मोटेरा केलं, महाराजांना मध्ये आणलं. वेळ कुणीच विचारली नव्हती. जिभाऊंनी तोडगा काढला, मॅच सकाळी सात वाजता ठेवू, रातपाळी सुटते आणि दिवसपाळी चढते, दोन्हींना दोन-दोन मिनिटं बघता येईल. लूमवाला हसला. "दो मिनट में गोल हो जाएगा?" त्यानं खारीचा चुरा झटकला, चहाचे पैसे दिले आणि घड्याळ बघत निघून गेला. कुठल्या पक्षात जातोस, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर दोन दिवस चर्चा जरा मंदावली. जिभाऊ एकदा हळूच म्हणाले, "मला काय, मी थोडीच बॉल खेळणार आहे. पण तिकिटावर 'भेस्तान' छापून आलं असतं ना." तेव्हा मला कळलं, भांडण मैदानाचं नव्हतंच. गावाकडे आम्ही सगळे 'सुरतला असतो'. लग्नाच्या बायोडाटात मुलगा सुरतला, नोकरी सुरतला. पण सुरतेत कुणी विचारलं, कुठे राहता, आणि भेस्तान सांगितलं, की समोरचा म्हणतो, "अच्छा, सुरतच्या बाहेर." चाळीस वर्षं सुरतेत राहून जिभाऊ अजून सुरतेच्या बाहेरच राहतात. शहरपक्षाचे पुढारी नानाही तिथेच, त्यांच्या दोन घरं सोडून.

त्याच रात्री जिभाऊंचा भाचा अमळनेरहून यायचा होता, खान्देश एक्सप्रेसनं. ही गाडी भुसावळहून मुंबईला जाते, पण सुरत स्टेशनात शिरतच नाही. बारडोली, चलथान करत येते, आमच्याकडे वळते आणि भेस्तानला थांबून पुढे नवसारीकडे निघून जाते. राजधानी ज्या स्टेशनला धूळ देते, तिथे ही पाहुणे देते. नाना आणि मी सोबत गेलो होतो. नानांचं म्हणणं, पोरगा नवा आहे, सामान जास्त असेल.

गाडी आली. भाचा दारात उभा, एका हातात भरताच्या वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात बॅग, आणि नजर पिवळ्या पाटीवर. त्यानं ती पाटी दोनदा वाचली आणि घाबरून ओरडला, "मामा, सुरत आली का?"

जिभाऊ काही बोलायच्या आत नानांनी पुढे होऊन त्याच्या हातातली बॅग घेतली.

"आली, आली," नाना म्हणाले. "उतर खाली."